लष्करात जायचंच आहे, पण थेट लढाईच्या बाहेरचं काम निवडावं का?

प्राजक्ता_भांडुप
नमस्कार मंडळी. घरात सध्या एकच विषय चाललाय म्हणून धागा काढते. माझ्या धाकट्या भावाने दहावीनंतर आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलाय आणि आता त्याला अग्निवीरचा, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीचा, फॉर्म भरायचाय. त्याचं म्हणणं जनरल ड्युटी, म्हणजे जीडी, पलटणीतच जायचं, मराठा लाइट इन्फंट्री मिळाली तर सोन्याहून पिवळं. आई म्हणते जायचंय तर जा, मी आडवी येणार नाही, पण टेक्निकलला भर, गाड्या दुरुस्त कर, बंदूक दुसऱ्यांना धरू दे. रात्रीचं जेवण या वादातच थंड होतं. तो म्हणतो वर्दी घालून पानाच फिरवायचा तर कांजूरमार्गच्या गॅरेजात काय वाईट होतं?

मला त्याचं हे बोलणं पटत नाही. ज्याच्या हातात कला आहे त्याने त्या कलेने सेवा केली तर त्यात कमीपणा कसला? पण आईला वाटतं तितकं ते काम सुरक्षित असतं का, हे मला खरंच माहीत नाही. कोणी स्वतः केलं असेल किंवा घरात कोणी असेल तर मोकळेपणाने सांगा.

अभ्यासू_आदित्य
ताई, आधी पात्रता बघून घ्या. टेक्निकलला एक तर बारावी सायन्स लागतं, नाहीतर दहावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात प्रत्येकी ४०, सोबत ठरलेल्या ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय. मोटर मेकॅनिक त्या यादीत आहे. जीडीला दहावी ४५ टक्क्यांवर चालतं. आणि आता एका उमेदवाराला दोन कॅटेगरी भरता येतात, त्यामुळे जेवण थंड करायची गरज नाही, दोन्ही भरा :)

फक्त टेक्निकलच्या लेखीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असतं. आयटीआयची मुलं तिथेच अडकतात.

प्राजक्ता_भांडुप
मार्क बसतात त्याचे. दोन कॅटेगरीचं माहीत नव्हतं, थँक्स. पण पहिली पसंती कुठली द्यायची हा वाद राहतोच.

सातारी_पोर_मुंबईत
पोराचं मन पलटणीत आहे तर पलटणीतच जाऊ द्या. आमच्याकडे घरटी एक फौजी, मी स्वतः उंचीत बाद झालो आणि अजून सलतं. आईच्या धाकाने ट्रेड घेतलेला पोरगा कायम मनात कुढतो. लढायला जायचं असेल तर लढायलाच जावं, बाकी कामाला माणसं मिळतात.

निवृत्त_हवालदार
सातारी पोरा, "बाकी कामाला माणसं मिळतात" हे वाचून लिहायला बसलो, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस.

मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये होतो, व्हेइकल मेकॅनिक. ही कोअर १९४३ ला उभी राहिली, सैन्याची गाडी, तोफ, रडार, जे काही बिघडतं ते आमच्याकडे. ताई, तुमच्या आईंना पहिली गोष्ट सांगा, सिकंदराबादला ट्रेनिंगला गेलो तेव्हा पाना हातात यायच्या आधी रायफल आली. धावणं, फायरिंग, रात्रीचा पहारा, सगळं सगळ्यांना. मेकॅनिक असो, स्वयंपाकी असो, क्लार्क असो, आधी तो सैनिक.

दुसरी गोष्ट, ईएमईवाला म्हणजे कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्येच बसणार असं नसतं. प्रत्येक मोठ्या युनिटबरोबर आमची एक छोटी तुकडी असते, एलएडी म्हणतात, ती युनिट जाईल तिकडे जाते. मी तोफखान्याच्या रेजिमेंटबरोबर होतो. द्रास पट्ट्यात हिवाळ्यात डिझेल गोठून पाइपात साबणासारखं बसायचं, मग रात्रीत उठून उठून इंजिनं चालू करून गरम ठेवायची, झोप अशी लागायचीच नाही. उघड्या हाताने पाना धरला की कातडी चिकटते, आणि जाड हातमोज्यात बारीक नट धरता येत नाही, मग हातमोजा काढायचा, पटकन दोन आटे फिरवायचे, परत बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, हात न्यायचा. असं करत करत एक गाडी उभी राहायची. आणि ती उभी राहिली नाही तर वरच्या पोस्टला रेशन चढत नाही, एवढं साधं गणित.

तिसरी, राष्ट्रीय रायफल्स. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांच्या विरोधात जी आरआर युनिटं आहेत त्यांच्यात जवान सगळ्या आर्म्स आणि सर्व्हिसेसमधून, म्हणजे लढणाऱ्या आणि मदतीच्या सगळ्या शाखांमधून येतात. इन्फंट्री, म्हणजे पायदळ, तर असतंच, पण ईएमई, एएससी (रसद पुरवणारे), सिग्नल (संपर्कवाले), ऑर्डनन्स (शस्त्रं, दारूगोळा, सामान सांभाळणारे), सगळे. मीही तिथे राहून आलोय. दिवसा गाडीखाली आणि रात्री पहाऱ्याच्या ड्युटीवर.

म्हणून सांगतो, जीव वाचतो म्हणून टेक्निकल घ्यायचं असेल तर नका घेऊ. बंद पडलेलं इंजिन सुरू झाल्यावर पोराच्या तोंडावर हसू येतं का ते बघा. येत असेल तर तो आमचा माणूस.

प्राजक्ता_भांडुप
काका, तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली. काही बोलला नाही, पण मोबाईल मागून घेऊन परत स्वतः वाचली.

सातारी_पोर_मुंबईत
काका चुकीचं बोलायचं नव्हतं मला, माफ करा. पण माझा मुद्दा मनाचा होता, कामाच्या किमतीचा नव्हता.

निवृत्त_हवालदार
माफी कसली रे. तुझा मुद्दा बरोबरच आहे, मन नसेल तर कुठलाच ट्रेड चालत नाही. १९९९ ला कारगिलमध्ये बोफोर्स तोफा दिवसरात्र धडाडत होत्या त्या चालू ठेवायला आमचे सीनियर तोफांच्या शेजारीच होते, शत्रूचे गोळे तिथेही पडत होते. त्यांच्या मनात आपण लढाईच्या बाहेर आहोत असं आलं असेल का? एवढंच म्हणणं.

फौजीची_बायको
मी क्लार्कच्या बाजूने बोलणार, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. अग्निवीरमध्ये क्लार्क आणि स्टोअरकीपर ही एकच कॅटेगरी आहे, त्याला बारावी ६० टक्के लागतात, हे ज्यांना उपयोगी त्यांच्यासाठी.

माझे मिस्टर इन्फंट्रीत. जवानाच्या आयुष्यात जे घडतं, लग्न, मूल, बढती, सुट्टी, बदली, ते सगळं पार्ट टू ऑर्डरने रेकॉर्डवर चढतं, आणि ते चढवणारा युनिटमधला क्लार्क. आमच्या मुलीच्या जन्माची ऑर्डर एका ठिकाणी नीट निघालीच नाही. आम्हाला पत्ताच नाही. नंतर तिच्या शाळेच्या भत्त्याचा फॉर्म भरला तेव्हा कळलं की कागदोपत्री आम्हाला मूलच नाही. मी इथे कळव्यात, हे तिकडे बर्फात, फोन लागला तर लागला. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. पुढच्या युनिटमध्ये एक क्लार्क भेटले, मध्य प्रदेशचे होते, त्यांनी बसून सगळी सर्व्हिस बुक काढली, कुठला नंबर चुकलाय ते शोधलं आणि प्रकरण मार्गी लावलं. ते मला कधी भेटले नाहीत, पण दर दिवाळीला यांच्याकरवी त्यांना फराळ जातो.

आता विचार करा, एखाद्या घरातला माणूस गेला आणि त्याच्या वारसाची नोंद चुकलेली असली तर? त्या बाईने कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या? चांगला क्लार्क त्या बाईला पेन्शन देतो. हे काम टेबलावरचं म्हणून हलकं समजू नका कोणी.

रोजची_कल्याण_लोकल
हे वाचून अंगावर काटा आला ताई. माझी बारावी कॉमर्स, ६७ टक्के, टायपिंग चालू आहे. क्लार्क भरायला लाज वाटत होती कारण मित्र चिडवतात. आता बिनधास्त भरतो.

फौजीची_बायको
भर रे बाळा. आणि टायपिंग सोडू नकोस, क्लार्कला आता टायपिंग टेस्ट असते.

मीनल_कुलाबा
आर्मीचंच चाललंय, थोडं नेव्हीकडे आणि मुलींकडे वळवते. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हा फार चांगला रस्ता आहे आणि मुंबईतल्या मुलींनाच माहीत नसतो. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, त्यासाठी NEET परीक्षा द्यावी लागते, पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) आहे आणि आपल्या कुलाब्यात आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलातही कॉलेज आहे. पास झाल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. माझी मैत्रीण तिथलीच. ती सांगते की बर्न्स वॉर्डमधली पहिली नाइट ड्युटी झाल्यावर तिला वडिलांना फोन करून रडायचं होतं, पण पेशंट एकोणीस वर्षांचा होता आणि तिच्याकडे बघून धीर धरत होता, म्हणून ती रडलीच नाही.

मुलांना वैद्यकीय काम हवं असेल तर नर्सिंग असिस्टंट आहे, बारावी बायोलॉजीवर. आणि डी फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालेल्यांना सिपॉय फार्मा. ही दोन्ही पदं अग्निवीरमध्ये धरत नाहीत, रेग्युलर भरती असते, हा मोठा फरक आहे.

निवृत्त_हवालदार
मीनलताई, नर्सिंग असिस्टंट तर पलटणीच्या डॉक्टरबरोबर पुढेच असतात. जखमी माणूस हेलिकॉप्टरपर्यंत पोचेपर्यंत रक्त थांबवणारा तोच. माझ्यासमोर एकाने स्वतःचा कोट काढून जखमीला घातला आणि स्ट्रेचरबरोबर बर्फात नुसत्या स्वेटरवर चालत गेला. दर वीस पावलांवर थांबून नाडी बघायचा.

मार्वे_बीच_वाला
नेव्हीचा विषय निघालाय तर आमच्या मालाडचा अभिमान सांगू द्या. मार्वेला आयएनएस हमला आहे, नौदलाच्या स्वयंपाक्यांना, स्टोअरवाल्यांना तिथे शिकवतात. माझा मावसभाऊ नेव्हीत शेफ आहे, सुट्टीवर आला की मावशीला कांदा कसा चिरायचा ते शिकवतो आणि मावशी त्याला लाटणं दाखवते.

पण गंमत सोडा, त्याने सांगितलेलं डोक्यातून जात नाही. जहाजावर ॲक्शन स्टेशन्सचा पुकारा झाला की प्रत्येकाची जागा ठरलेली. शेफ, स्ट्युअर्ड सगळे गॅस बंद करून आपापल्या जागी पळतात, कोणी आग विझवणाऱ्या पार्टीत, कोणी जखमींना उचलणाऱ्या. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. टॉर्पेडो काही किचन सोडून लागत नाही.

प्राजक्ता_भांडुप
हे आईला वाचून दाखवायचं की नाही या विचारात आहे.

फौजीची_बायको
दाखवा प्राजक्ता. अर्धवट माहितीवर धरलेला धीर पहिल्या फील्ड पोस्टिंगला तुटतो. मला लग्नाआधी कोणी नीट सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं सोपी गेली असती.

डॉकयार्डकर
आईंच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. त्यांची काळजी चुकीची नाही, आणि पोराला वर्दीचं वेड नसतं तर त्यांना हवं तसं काम आपल्या मुंबईतच आहे. संरक्षण खात्याचे सिव्हिलियन कर्मचारी. मी नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर आहे, अप्रेंटिस म्हणून लागलो. घाटकोपरला नौदलाचं मटेरियल ऑर्गनायझेशन आहे, एमईएस (लष्करी इमारतींचं बांधकाम-देखभाल बघणारं खातं) आहे, आर्मीच्या ऑर्डनन्स डेपोंमध्ये ट्रेड्समन मेट, म्हणजे कारागिरांचे मदतनीस, भरतात, अंबरनाथला कारखाना आहे, तो २०२१ पासून सरकारी कंपनीकडे गेलाय. आयटीआयला मान आहे, साठाव्या वर्षी रिटायर, रात्री घरी. युद्धनौका दुरुस्तीहून निघते ना, तेव्हा जेट्टीवर उभं राहून बघताना छाती भरून येते, तिच्या वॉल्व्हवर माझा हात फिरलेला असतो.

जागा कमी निघतात आणि वाट बघावी लागते हे खरं. पण ज्यांना देशासाठी काम करायचंय आणि घरही सोडता येत नाही, आजारी आईवडील आहेत वगैरे, त्यांनी हा रस्ता नक्की बघावा.

प्रभादेवी_रहिवासी
वर्दीतल्या कामाचं एक उदाहरण आम्ही रोज पायाखाली घालायचो. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधायला आर्मी आली, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनियर, आणि फेब्रुवारी २०१८ ला पूल खुला झाला. रात्री ब्लॉक घेऊन गर्डर चढवताना मी खिडकीतून बघितलंय. कोणी आरडाओरडा करत नव्हतं, एक जण हात वर करायचा आणि बाकीचे थांबायचे. इंजिनियर्स लढणाऱ्यातच मोडतात हे माहीत आहे मला, तरी लिहावंसं वाटलं.

खडकीवाला
वाचून बरं वाटलं. आमच्याकडे अजून बोलतात त्या पुलांबद्दल.

डेपोचा विषय निघालाय म्हणून, ऑर्डनन्समध्ये तरी निवांत असतं असं कोणाला वाटत असेल तर पुलगाव आठवा. मे २०१६, दारूगोळा डेपोला रात्री आग लागली, पळायच्या ऐवजी विझवायला गेलेले अधिकारी, जवान, फायरमन गेले. वर्ध्यात, सीमेपासून इतक्या लांब.

रोजची_कल्याण_लोकल
एक विचारायचं होतं. आमच्या भागातला एक क्लासवाला म्हणतो पैसे द्या, ट्रेड सेट करून देतो, ईएमई, एएससी जे पाहिजे ते. असं होतं का?

अभ्यासू_आदित्य
एक रुपया देऊ नकोस. फॉर्मची फी सोडली तर भरतीला पैसे लागत नाहीत. लेखी कॉम्प्युटरवर, धावणं सगळ्यांसमोर. जो सेटिंगची भाषा करतो तो शंभर पोरांकडून घेतो, त्यातली जी आपल्या जिवावर लागतात त्यांचे पैसे ठेवतो.

प्राजक्ता_भांडुप
भावाचा प्रश्न, तो शेजारी बसलाय: टेक्निकलला लागलो तर ईएमईच मिळणार का? आणि चार वर्षांनी काय?

निवृत्त_हवालदार
बाळा, तू कॅटेगरी निवडतोस, कोअर सैन्य ठरवतं. टेक्निकलवाला ईएमईत जाईल, सिग्नलमध्ये जाईल, तोफखान्यात, इंजिनियर्समध्ये, एव्हिएशनमध्येही. मोटर मेकॅनिक म्हणून गाड्यांकडे जायची शक्यता चांगली, पण शब्द कोणी देणार नाही. ते मनाशी पक्कं करूनच फॉर्म भर.

अभ्यासू_आदित्य
चार वर्षांचा हिशोब: पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. सरकार कापलेल्या रकमेएवढीच भर घालतं आणि बाहेर पडताना व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यावर टॅक्स नाही. पेन्शन नाही, माजी सैनिकांच्या कँटीन आणि दवाखान्याच्या सवलती नाहीत. २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम ठेवतात. म्हणजे चारातले तीन घरी येणार हे धरून चाला.

सातारी_पोर_मुंबईत
हे चारातले तीन वाचल्यावर माझं मत थोडं हलतंय. जीडी करून आलेल्या पोराला बीएसएफसारख्या केंद्रीय दलांमध्ये आरक्षण आहे, पण तिथेही परत परीक्षा. मेकॅनिकच्या हाताला मात्र कुठेही काम आहे.

डॉकयार्डकर
अगदी. आणि सैन्यात चार वर्षं जड गाड्यांवर काढलेला मुलगा बाहेर आला तर बसचा डेपो असो की जेएनपीटीकडचे ट्रेलर, त्याला शिकवावं लागत नाही. तरी मी एवढंच म्हणेन, त्याला पलटणच दिसत असेल स्वप्नात तर आमचा हिशोब त्याच्यावर लादू नका.

प्राजक्ता_भांडुप
सगळ्यांचे मनापासून आभार. आज आई, भाऊ आणि मी, तिघांनी मिळून पूर्ण धागा वाचला. आईला खुकरीचं आणि पुलगावचं वाचताना पाणी आलं डोळ्याला, मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की म्हणजे मी सांगते म्हणून सुरक्षित होत नाही, तर त्याला आवडेल ते भरू दे. भावाने टेक्निकल पहिलं आणि जीडी दुसरं ठरवलंय. त्याचं कारण त्याने एका वाक्यात सांगितलं, "वर रेशन चढायला गाडी लागते." काका, हे तुमचं देणं आहे.

आता प्रश्न फिजिक्स-केमिस्ट्रीचा. भांडुप-मुलुंड भागात कोणी नीट शिकवणारं माहीत आहे का? मोठ्या क्लासची फी झेपणार नाही.

निवृत्त_हवालदार
शाब्बास. पोराला सांगा, पळणं रोज, पावसातसुद्धा. आणि आत्ताच एखाद्या डॉक्टरकडून कान, दात, डोळे, तळपाय बघून घ्या. कानात मळ आहे म्हणून मेडिकलला पोरं लटकलेली मी बघितलीत, ते आधी साफ करून घेता येतं. सपाट तळवा आणि रंग न ओळखता येणं याला मात्र उपाय नाही, ते लवकर कळलेलं बरं.

मीनल_कुलाबा
प्राजक्ता, माझी वहिनी मुलुंड पूर्वेला राहते, ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. भरतीच्या मुलांकडून ती पैसे घेत नाही, तिचे वडील सिग्नलमध्ये होते. तुला मेसेज करते. रविवारी सकाळी पाठव त्याला, वही आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन.

रोजची_कल्याण_लोकल
मीनलताई, क्लार्कच्या गणितासाठी मी पण येऊ का?

मीनल_कुलाबा
ये की. फक्त आठच्या आत पोच, नऊला तिची दुसरी बॅच असते.

अभ्यासू_आदित्य
दोघांनाही, फॉर्म भरायच्या आधी दहावीच्या मार्कशीटवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर उद्याच आधार केंद्रात जा, दुरुस्तीला वेळ लागतो. डोमिसाइल आणि जातीचा दाखलाही आत्ताच काढायला टाका.